संडासाची आठ दारं

इमारतीवर पाटी लागायची होती, पण आत काय होणार ते साइटवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. अफूच्या जातीच्या गोळ्या-पावडरींचं व्यसन, त्यात जाणारे जीव आणि ते वाचवायचे कसे, याचा अभ्यास करणारं केंद्र. वर प्रयोगशाळा, खाली दवाखाना. व्यसनी माणसं रोज येणार, बसणार, औषध घेणार. शिकलेल्या माणसांनी दोन वर्षं डोकं शिणवून नकाशा काढला, आणि त्यात तळमजल्यावरच्या आठही संडासांची दारं आत उघडत होती.

मी सुतार. सात चौकटी मी उलट्या फिरवून बसवल्या. दारं बाहेर उघडणारी.

"सात दारं उलटी!" दाजी म्हणाले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नळकाम त्यांचं, आणि या कामावर मला घुसवलं त्यांनीच. "शाळेत आत-बाहेर शिकवलं नव्हतं का रे?"

"शाळेत मी गेलो किती, दाजी?"

"म्हणूनच विचारलं. नकाशा आला की तुझ्याबरोबर माझीही वरात काढेल."

नकाशा म्हणजे साइटचा इंजिनीयर. पोरगा वाईट नव्हता, पण कागदाबाहेरचं काही त्याला दिसायचं नाही. आला, बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मिस्त्री, हे काय करून ठेवलंत? बोळ चार फुटांचा आहे. दार चालणाऱ्याच्या नाकावर बसेल."

"नाक बरं होतं, साहेब."

"म्हणजे?"

ते मला सांगायचं नव्हतं. माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला. हार्ट अटॅक, असं आईनं आणि मी सगळ्यांना सांगितलं. ताईलाही, दाजींनाही. नशेत मेला म्हटलं की लोक सांत्वनाला येतानाही तोंड वाकडं करून येतात. हार्टवाल्याच्या घरी तसं करत नाहीत. आणि दाजी तिथेच पाइपला टेप गुंडाळत बसले होते.

"आत माणूस पडला तर दार उघडत नाही," एवढंच बोललो.

"कडी बाहेरूनही उघडते. नकाशात आहे."

"कडी उघडेल. दार नाही."

"उद्या डॉक्टरबाई येतायत. नकाशावर सही त्यांची आहे. तोवर सातही उतरवा, नाहीतर मी दुसरा सुतार बघतो."

मी एकही उतरवलं नाही. आठवं तेवढं त्याच्या कागदाप्रमाणे आत उघडणारं बसवलं.

बाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. केंद्राच्या प्रमुख. आयुष्य याच कामात गेलेलं. नकाशानं चहाडी केली. बाई मला म्हणाल्या, "लोक संडासात जाऊन नशा करतात हे मला माहीत आहे. म्हणून तर बाहेरून उघडणारी कडी सांगितली."

मी आठव्यात शिरलो, कडी लावली आणि कमोड नि दार यांच्यामध्ये माणूस कोसळतो तसा पडलो. पाठ दाराला, गुडघे भिंतीला.

"उघडा."

नकाशानं कडी उघडून ढकललं. चार बोटांची फट. त्यानं खांदा लावला. दाराची कड माझ्या पाठीत रुतली, हनुवटी छातीवर दबली.

"अहो, मरेल तो!" बाई ओरडल्या.

"मी शुद्धीवर आहे म्हणून मान सावरतोय," मी आतून म्हणालो. "गुंगीतला सावरत नाही. तुम्ही जितकं ढकलाल तितका त्याचा श्वास कोंडतो."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

फरशीवर पडल्या पडल्याच सांगून टाकलं. उभं राहून जमलं नसतं. भाऊ बांधकामाच्या परांचीवरून पडून कंबर मोडून घेतो, डॉक्टर दुखण्याच्या गोळ्या देतो, दुखणं जातं आणि गोळ्या राहतात. मग पावडर. त्या दिवशी आमच्या घरच्या संडासाचं दार मी एकोणीस मिनिटं ढकलत होतो. आतून घोरल्यासारखा आवाज येत होता, तो थांबेपर्यंत. हत्यारं हाताशी होती, पण आत उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या आतल्या बाजूला असतात. शेवटी करवतीनं फळी कापली. ते दार मीच बसवलं होतं.

बाई म्हणाल्या, "मी कडीपर्यंतच विचार केला." मग नकाशाकडे वळल्या. "आठवंही फिरवा. बोळ रुंद करा."

"भिंत सरकवावी लागेल, मॅडम. पलीकडे तुमची केबिन आहे."

"मग केबिन लहान होईल. माझं काय अडतंय?"

मी उठलो तेव्हा बोळात पाइप जोडत बसलेले दाजी जागेवर नव्हते. जिन्याखाली उभे राहून फोनवर बोलत होते. मला बघून फोन पुढे केला. "ताई आहे."

"हार्ट अटॅक नव्हता?" ताई म्हणाली.

"नव्हता."

"तीन वर्षं मी माझ्या पोरांच्या छात्या तपासून घेतेय. घरात हार्ट आहे म्हणून. डॉक्टरलाही तेच सांगते."

"ताई, आईला..."

"आईचं राहू दे. थोरल्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरनं विचारलं, घरात कुणाला गोळ्यांचं व्यसन होतं का? मी ठणकावून नाही म्हटलं रे! दोन महिने झाले, अजून गोळ्या घेतोय. दुखतंय म्हणतो."



"कुठल्या गोळ्या?" मी विचारलं.

"मला वाचता येतं का ते इंग्रजी? तू विचार तिथल्या डॉक्टरला. विचार आत्ता."

बाई गाडीकडे निघाल्या होत्या. मी फोन कानाला तसाच धरून त्यांच्या मागे पळालो.