टाचांसाठी मुटेल

"बियांचं कूट पाण्यात उकळलं की तेल वर येतं. ते थिजू दे. मगच मूठ वळ गो, घाई नको."

निडीला, माहेरी असलेल्या आईचं हे बोलणं रोहिणीला शब्दन् शब्द पाठ होतं. तिनं तसंच केलं. माहेरून आणलेल्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, बिया वाळवल्या, कुटल्या, कढवल्या आणि थिजलेल्या तेलाचा मुठीएवढा पांढरा गोळा, म्हणजे मुटेल, सासूबाईंपुढं ठेवला.

चंद्रावतीबाईंचं सारं आयुष्य कासूकडच्या मिठागरांत गेलेलं. टाचांना बोट शिरेल अशा भेगा. वीस वर्षं दर सोमवारी शंकराला अनवाणी अकरा प्रदक्षिणा घालणारी ही बाई गेल्या सोमवारी तिसऱ्या फेरीलाच पायरीवर बसली. तेव्हापासून एकच धोशा, "नेम मोडला गो माझा."

मुटेल भेगांत गेलं मात्र, बाई किंचाळल्याच.

"आग झाली गो! मिरची कुटलीस का काय?"

"आई, आमच्या निडीत सगळी हेच लावतात."

"मग तुमच्या टाचा पत्र्याच्या असतील!"

प्रविण, रोहिणीचा नवरा, फिसकन हसला. रोहिणीचे डोळे मात्र भरून आले. तिनं मुटेलाचा कण जिभेवर ठेवला. खारट!

सासूबाईंच्या लगेच ध्यानात आलं. "पाणी कुठचं घेतलंस?"

"बोअरिंगचं. नळाला आलंच नव्हतं."

"अगो बये, त्या पाण्यात आम्ही डाळपण शिजवत नाय!"

आईनं पाण्याचं काहीच सांगितलं नव्हतं. कशाला सांगेल? मिठागरांपाशी जमिनीतलं पाणीही खारट असतं, हे निडीत कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

रोहिणी हळूच म्हणाली, "बिया संपल्या. निडीला जाऊन तिथंच कढवून आणते. या सोमवारी नाय जमणार, पण भेगा भरल्या की तुम्ही अकराच्या अकरा घालाल. शब्द देते."

चंद्रावतीबाई म्हणाल्या, "शब्द देतेस, तर आजच जा. उशीर केलास तर रांगत येईन तुझ्या माहेरी."

दुपारी त्यांचा डोळा लागला. रोहिणीनं ओल्या फडक्यानं त्यांच्या टाचा अलगद पुसल्या, पायांवर पातळ लुगडं ओढलं आणि पिशवी खांद्याला लावून, आवाज न करता दार ओढून घेत, निडीला थांबणाऱ्या रोह्याच्या गाडीसाठी स्टेशनची वाट धरली.