लॉबीतला बाक हलत नाही

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे आणि मी इथून हलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सभागृहाबाहेरच्या या दालनाला लॉबी म्हणतात. सुताराने मला इथेच बसून जोडलं. दार माझ्यापेक्षा अरुंद आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याने बोलणी खाल्ली, माझं मात्र भलं झालं.

मतदानाची घंटा वाजली की सभासद माझ्यासमोरून आत जातात. बाहेरच्यांना आत मज्जाव. म्हणून ज्यांना सभासदांना काही पटवायचं असे, ते माझ्यावर बसून वाट बघत. लॉबीत ताटकळणारे ते लॉबिस्ट. आता हा शब्द ऐकला की लोक नाक मुरडतात. चामडी बॅगा घेऊन गोडगोड बोलणारे माझ्यावर पुष्कळ बसले, नाही कशाला म्हणू? पण एक शिंपीणबाईसुद्धा बसली होती.

ती आणि तिची धाकटी बहीण कामाला होत्या त्या कारखान्याला आग लागली तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं. बहीण आतच राहिली. कामाच्या वेळी कुलूप लावायला बंदी करा, एवढंच तिचं मागणं. पहिल्याच दिवशी पितळी बटणांचा कोट बघून तिने एका रुबाबदार माणसाला तासभर सगळं सांगितलं. तो डोळे पुसत म्हणाला, "ताई, मी शिपाई आहे. मला मत नाही, मी फक्त दार उघडतो."

मग त्यानेच तिला शिकवलं. "त्या दारापासून या दारापर्यंत एकोणीस पावलं. तेवढ्यात काय ते बोलायचं." अकरा दिवस ती सभासदांच्या बरोबरीने चालत बोलली. कायदा झाला.

त्याला तीस वर्षं झाली. आता नवे व्यवस्थापक म्हणतात, बसायला जागाच ठेवू नका, म्हणजे गर्दी होणार नाही. बॅगवाल्यांचं काय बिघडतंय, त्यांना आत चहाला बोलावतात. काल चौघांनी मला उचललं, मी दारात अडकलो. आज करवत आली.

तेवढ्यात पिकल्या केसांची शिंपीणबाई येऊन माझ्यावर बसली.

"मावशी, उठा," करवतवाला म्हणाला.

"का रे बाबा? मी लॉबिस्ट आहे."

"आज कुठलं काम?"

"या बाकाचं."

घंटा वाजली. सभासद आले. चालत बोलायचं तर तिला उठणं भाग होतं. ती उठली आणि करवतवाला पुढे सरकला. तेव्हा निवृत्तीला आलेला तोच शिपाई दार सोडून आला आणि जन्मात पहिल्यांदा माझ्यावर बसला.

"दार कोण उघडणार?" एका सभासदाने विचारलं.

"तुम्हीच उघडा साहेब," तो म्हणाला. "आधी बाईंचं ऐकून घ्या."

मित्रांनो, मला पॉलिश नको, संग्रहालयातली काचही नको. कुणाला काही पटवायचं असेल तर या आणि बसा. मी इथेच आहे.