सुभेदाराची गळती

एकाच ट्रकाचं ऑइल सील दुसऱ्यांदा गळलं, तेव्हा मी आधी रोह्याच्या स्पेअरवाल्याला शिव्या घातल्या, मग मितेशच्या ड्रायव्हिंगला. स्वतःला घालायची वेळ आली तेव्हा चहा मागवला. रामवाडीत माझं गॅरेज आहे, आणि काळुराम मिस्त्रीचं काम परत येत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असतो.

ट्रक मिलिटरीचा, लिलावातून आलेला. खाडीकाठच्या गावात त्याला सुभेदार म्हणतात. मालक जनूकाका, चालवतो त्यांचा मुलगा मितेश. सुभेदाराच्या पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळतो, म्हणून जिथे डंपर रुततो त्या मातीच्या बांधावर हा चालतो. सध्या तर त्याच्यावाचून गावाचं अडलं होतं. वैशाखी पौर्णिमेच्या उधाणात बांधाला खांड पडली, आणि खाडीचं पाणी शेतात शिरलं. अमावास्येच्या उधाणाआधी दगडमातीनं खांड बांधली नाही, तर जमीन अशी खारट होणार की दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको. घरटी एक माणूस बांधावर राबत होता. दगड मात्र सुभेदारानंच न्यायचा होता.

आणि नेमकं त्याच्या पुढच्या एक्सलचं तेल ते अडवणाऱ्या रबरी सीलमधून निसटून ब्रेकवर उतरत होतं. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. हायवेवर एक वेळ सांभाळता येईल, पण त्या अरुंद बांधावर डावीकडे म्हणजे थेट खाडी.

मी पुन्हा चाकं उतरवली, ड्रम काढले, शाफ्ट ओढून बाहेर घेतले. नवं सील तेलात बुडवून पाइपाच्या तुकड्यानं हलकेच ठोकत बसवलं. गाडीखाली पुठ्ठा अंथरला. उभ्या गाडीतून एक थेंब पडला नाही. मग मितेश खाणीपर्यंत जाऊन दगड भरून आला, आणि पुठ्ठा पुन्हा भिजला.

त्या खेपेला जनूकाका आणि त्यांची बायको गोदूकाकी केबिनमध्ये बसून आले होते. काकींनी पुठ्ठ्याकडे पाहिलं.

"मी बियाणं दळाया टाकते," त्या म्हणाल्या. "खाऱ्या शेतात पेरून काय करू?"

ठेवणीतलं बियाणं दळायचं म्हणजे शेताची आशाच सोडायची. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो. पाना आपटला, कोणावर तरी ओरडावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं, तर जनूकाका माझ्या भिंतीतल्या उंदराच्या भोकात ओली माती कोंबत होते.

"बघा, लोकाच्या घरी पन सुरू!" काकी म्हणाल्या. "भोक दिसलं की यांना बुजवायचंच. एकदा खेकड्याच्या भोकानं बांध गेला, तवापासून हे असं. न्हाणीची मोरी पन बुजवली होती. सुभेदाराला तरी कुठं सोडला?"

"सुभेदाराला कुठं बुजवला, काका?"

"एक्सलच्या वर बारीक भोक हाय नाय? टोपी तुटली होती त्याची," काका अभिमानानं म्हणाले. "खारं पानी जाईल म्हणून चिकणमाती न् डांबर भरलं. घट्ट."

मी कपाळावर हात मारला. ते भोक म्हणजे ब्रीदर, एक्सलचं नाक. गाडी पळाली की आतलं तेल तापतं, हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. नाकच दाबल्यावर ती सील ढकलून वाट काढणार, नाहीतर काय करणार? अन् मीही मोठा मिस्त्री, सीलवरच डोळे लावून बसलो होतो!

"काका, बांधाला फळ्यांची उघाडी कशाला ठेवता?"

"आतलं पानी सोडाया. फळ्या उचलायच्या ओहोटीला. नायतर बांध आतून फुट..."

काका मध्येच थांबले. मग त्यांनी खिळा मागितला आणि स्वतः गाडीखाली शिरले. गाडी अजून तापलेली होती. डांबर उकरलं तशी 'फुस्स' करून हवा सुटली.

"सुटला बिचारा," काकी म्हणाल्या.

सील आणि ब्रेकचे लायनर पुन्हा नवे घातले. त्या भोकाला रबरी नळी जोडून तिचं तोंड केबिनमागे उंच वाकवलं. हवा जाईल, खाडी येणार नाही. काकांनी नळी दोनदा ओढून पाहिली.

अमावास्येच्या आदल्या दिवशी दगड भरून सुभेदार बांधावर चढला. जनूकाका ट्रकाच्या पुढे उलटे चालत हातानं दिशा दाखवत होते. पाठीशी खांड, समोर तो लोखंडी डोंगर.

"काका, बाजूला व्हा!" मी ओरडलो.

"पोराला वर बसवलाय. मग मी का बाजूला होऊ?"

खांडीच्या कडेला मितेशनं ब्रेक दाबला. सुभेदार सरळ, जागच्या जागी थांबला. मग घमेली हातोहात फिरली, खेपांवर खेपा झाल्या, आणि दिवस कलायच्या आत खांड बांधून झाली. खाडीला नारळ दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उधाण बांधापर्यंत चढलं, बराच वेळ तिथेच घुटमळलं आणि उतरलं. बांध जागचा हलला नाही. ओहोटीला काकांनी उघाडीच्या फळ्या उचलल्या. शेतात अडकलेलं खारं पाणी खाडीकडे धावू लागलं.

गोदूकाकींनी ते पाहिलं. मग पदर खोचून म्हणाल्या, "आवो, चला घरी. पेरायच्या आधी बियाणं उन्हात घालायचंय."

"व्हय गो," काका म्हणाले. पायाशी खेकड्याचं एक भोक होतं. ते त्यांनी टाचेनं घट्ट बुजवलं आणि काकींच्या मागोमाग निघाले.