खोलगटातली खोली

माझा मेव्हणा गेला त्याला आज नऊ दिवस झाले आणि मला अजून रडू आलेलं नाही. जेवतो, झोपतो, नकाशे काढतो. माणसं पाठीमागे म्हणतात, हा दगड आहे. असेन बुवा.

आमचं काम जमिनीच्या पोटातली वाफ वर काढून तिच्यावर वीज करण्याचं. सगळ्यात जवळचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर, मध्ये नुसतं रान आणि खडक. वीजघराचा आराखडा माझा. विहिरी कुठे खणायच्या, पाइप कुठून न्यायचे, माणसांनी चहाला कुठे बसायचं, सगळं मी ठरवायचं. मेव्हणा विहिरी खणणाऱ्या टोळीचा फोरमन. धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे घरी जावईबापू. इथे मात्र मी त्याचे लाड करत नसे, आणि तोही ते मागितल्यावाचून राहत नसे.

वाफेबरोबर एक विषारी वायू येतो, कुजक्या अंड्यांच्या वासाचा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी एकच धडा देतो. वास आला तर सावध व्हा, आणि येणारा वास एकाएकी थांबला तर जीव घेऊन पळा. वायू फार झाला की नाक काम करेनासं होतं. हा धडा मी शेकडो जणांना पढवलाय.

बसायची खोली आधी टेकाडावर होती. तिथे वारा असा की ताटातलं अन्न तोंडात जाण्याआधी उडायचं. मेव्हण्याने आठ महिने भुणभुण लावली. "दादा, चहापेक्षा वाळूच जास्त पितोय आम्ही. खाली त्या खोलगटात हलवा ना खोली. तिथे वारा लागत नाही."

"जावईबापू, गादी-लोडही पाठवू का?" मी म्हणायचो.

शेवटी एकदाचा पिच्छा सुटू दे म्हणून मी नकाशावरचा खोलीचा चौकोन दोन बोटं खाली सरकवला. पाच मिनिटांचं काम. जिथे वारा लागत नाही तिथे वायूही साचून बसतो, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. टेकाडावर वायू मोजायचं यंत्र लागत नव्हतं, म्हणून खालच्या जागी ते नकाशात दाखवायचंही राहिलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तो मी.

नऊ दिवसांपूर्वी सकाळी वारा पडला होता. टोळीच्या आधी जाऊन चहा ठेवावा म्हणून मेव्हणा एकटा पुढे गेला. टोळी पोचली तेव्हा तो टेबलापाशी बसल्या जागी संपला होता.

त्याला हेलिकॉप्टरने घरी नेलं. मी गेलो नाही. चौकशी आहे, इथे थांबायला हवं, असं सगळ्यांना सांगितलं. धाकटीने ऑफिसात रोज फोन करून एकच गोष्ट विचारली, चूक कुणाची झाली? तिला दुसरं काही नको होतं.

सहाव्या दिवशी मोठे साहेब माझ्या केबिनमध्ये आले. हातात नवा नकाशा. त्यात खोली टेकाडावरच होती, आणि तारीख जुनी.

"फोरमनने आपल्या मनाने खोली खाली ओढून नेली, एवढंच लिहायचंय," ते म्हणाले. "नाहीतर काम बंद पडेल. चारशे माणसं घरी बसतील. आणि गेलेला माणूस काही वाद घालायला येत नाही."

मी नकाशा वाचला. एका पाइपाचा उतार चुकला होता, तो दुरुस्त केला. मग सही केली.

आज दुपारी धाकटीचा फोन मलाच आला. आवाज अगदी शांत.

"दादा, तुमच्या ऑफिसातून पत्र आलंय. ह्यांनीच खोली खाली नेली, असं लिहिलंय. खरं आहे का ते?"

"हो," मी म्हणालो. मग उगाच पुढे म्हणालो, "ऐकायचाच नाही तो कुणाचं."

मागे तिच्या स्वयंपाकघरातला नळ वाहत होता, तो तिने बंद केला.

"खोली खाली गेली त्या आठवड्यात ह्यांचा फोन आला होता," ती म्हणाली. "म्हणाले, तुझ्या भावाने शेवटी माझं ऐकलं गं, माझ्यासाठी नकाशात जागा बदलून दिली. किती खूश होते, दादा. दोनदा सांगितलं मला."

मी समोरचा नकाशा दूर सारला. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

"मीच नेली," मी म्हणालो. "धाकटे, खोली मीच खाली नेली."

"आत्ता सांगतोस," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.