शेवटच्या घरापर्यंतचा उतार

आमच्या गल्लीत उपकार चटकन विसरले जातात, झाडूची हद्द मात्र कुणी विसरत नाही. ज्याने त्याने आपल्या दारापुढचं झाडायचं. शेजाऱ्याची भिंत सुरू झाली की झाडू थांबतो आणि कचरा अलगद पलीकडे सारला जातो. असा घरोघरचा पाहुणचार घेत तो शेवटी शिंपीणकाकूंच्या दारात पोचतो, कारण गल्ली तिकडे उतरते आणि काकूंचं घर अगदी खाली. सांडपाण्याचंही तेच. वरच्या घरांत अंघोळी उरकल्या की काकूंच्या खोलीत घोट्याएवढं पाणी.

त्यामुळे पालिकेने ‘पाइप आम्ही देतो, चर तुम्ही खणा’ म्हटल्यावर काकू सगळ्यांत आधी हो म्हणतील असं वाटलं होतं. मोडता त्यांनीच घातला.

“आता घाण येते ती दिसते तरी,” त्या म्हणाल्या. “उद्या पाइप तुंबला तर अख्ख्या गल्लीचे संडास माझ्या खोलीत उलटतील. मग मी मशीन डोक्यावर घेऊन जाऊ कुठे?”

त्यांचा भाचा प्लंबर. तो म्हणाला, “मावशी, उतार सलग असला की पाणी थांबत नाही.”

“उतार तू देशील रे. खणणारी माणसं ही आहेत.”

भाच्याकडे बघून त्यांनी शेवटी मान डोलावली, पण आपली मोरी इतक्यात जोडायची नाही असं बजावून. गल्लीने झाडण्याचीच रीत खणण्याला लावली, आपापल्या दारापुढे. इस्त्रीवाल्याच्या खालचं घर त्याच्या मेहुण्याचं. त्याच्यापुढे कमी पडायला नको म्हणून इस्त्रीवाल्याने कमरेएवढं खणलं. मेहुण्याला दगड लागला. त्याने तो तसाच ठेवून पाठ शेकून घेतली. दूधवाल्याच्या सासूबाईंनी तळ असा सपाट केला की त्यावर अंथरूण घालावं. प्रत्येक जण आपल्या तुकड्यावर खूश.

भाच्याने पारदर्शक नळीत पाणी भरून तिची टोकं वर-खाली धरत चर मापला आणि कपाळाला हात लावला.

“हा चर नाही. प्रत्येकाने दारात आपापला हौद खणलाय. पाणी इस्त्रीवाल्याकडे मुक्कामाला राहील.”

“माझा चांगला खोल आहे,” इस्त्रीवाला म्हणाला. “मेहुण्याला सांग.”

“ताईला हाक मारू का?” मेहुणा म्हणाला.

भांडण रंगात आलं तेव्हा काकू मध्ये उभ्या राहिल्या. “आपल्या दारापुढे आता कुणी खणायचं नाही. प्रत्येकाने खालच्याच्या दारापुढे खणायचं, जास्त खोल झालं तिथे भरायचं.”

“मग सगळ्यांत वरच्याकडे?”

“मी.” त्यांनी पदर खोचला.

हिशेब चोख होता. दुसऱ्याच्या दारात अंग चोरावं तर मालक डोक्यावर उभा. फुशारकीने खोल जावं तर घाम आपला आणि चर त्याचा. पण पुढे जे पाहिलं ते कुठल्या हिशेबात बसवावं कळेना. मेहुण्याच्या दारातला दगड इस्त्रीवाल्याने फोडला, तो फुटल्यावरही तिथेच बसून तळाची माती तो हाताने चापटत राहिला. मेहुणा पाण्याचा तांब्या धरून उभा. काकू चढ चढून वरच्या घरी पोचल्या, तर त्या घरची सून आधीच कुदळ घेऊन चरात उतरलेली. “काकूंनी एकटीने का?” म्हणाली.

पाइप बसले. माती टाकण्याआधी चाचणी होती. काकूंच्या दारातल्या चेंबरचं झाकण उघडलेलं. इथून पुढे पाइप थेट मुख्य गटाराला. काकू काठाशी उकिडव्या बसल्या.

नळावर घागर पुढे सरकवली म्हणून वर्षवर्ष अबोला धरणारी माणसं वर बादल्या घेऊन उभी होती, आणि भरलेलं स्वच्छ पाणी आपण होऊन पाइपात ओतत होती.

चेंबर कोरडाच. भाचा चेंबरवर वाकून कान देऊन होता. मग आत, लांबून, कुणी कापड ओढत यावं तसा आवाज आला. पाइपाच्या तोंडाशी पाण्याची जीभ दिसली, चेंबरच्या पन्हळीत उतरली, आणि क्षणभरही न रेंगाळता समोरच्या तोंडात शिरून निघून गेली. मागून आणखी आलं. तेही गेलं.

वरची माणसं रिकाम्या बादल्यांसकट खाली धावली आणि काठाशी दाटीने वाकली. साधं पाणी होतं, उताराने चाललेलं. पण त्यात कुणाच्या बादलीतलं कुठलं, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

काकूंनी पन्हळीत हात घातला. पाणी बोटांना वळसा घालून पुढे गेलं.

“थांबत नाही,” त्या पुटपुटल्या.

“थांबवायचं होतं का काकू?” इस्त्रीवाल्याने विचारलं. कुणी हसलं नाही. तोही नाही.

“अजून ओता,” काकू म्हणाल्या.

माणसं निमूट नळाकडे वळली. काकू वाहत्या पाण्यावरून नजर न काढता भाच्याला म्हणाल्या, “माझ्या मोरीचा पाइपही जोड यात. आजच.”