धक्क्यावरच्या कपाटातले दुसरे इंजिन

मित्रांनो, बोटीची वाट पाहणाऱ्यांच्या खोलीत, कोट टांगायच्या खुंट्यांखाली एक कपाट आहे. त्यात बारा वर्षे बसलेला जुना संगणक तो मी. आमचे बेट नॉर्वेच्या किनाऱ्यापासून बोटीने दीड तासावर आहे.

माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेले बहुतेक जण मोठ्या शहरांत गेले. मला टोरबोर्गने इथे आणले. ती शाळेत गणित शिकवायची. तिने माझ्यावर बोटीचे वेबपान उभे केले. बोट सुटणार का, कोणत्या धक्क्यावरून सुटणार, आणि वादळात छोटी बोट आली तर तिच्यातल्या बारा जागा कोणाला, हे बेटावरचे लोक त्या पानावर पाहत. नर्सने भरलेल्या नोंदींवरून मी यादी लावत असे. ज्याची गरज जास्त, त्याचे नाव वर. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. "कपाटाला विचार," असे कोळी एकमेकांना सांगत.

पानामागे एका खास भाषेत सूचना लिहिलेल्या असतात. त्या वाचून कामाला लावणारा भाग म्हणजे इंजिन. बहुतेक जग एकच इंजिन वापरते, आणि माझ्यातही तेच होते. दर वर्षी त्याची नवी आवृत्ती यायची, आधीपेक्षा जड. मी मात्र होतो तेवढाच राहिलो.

मागच्या नोव्हेंबरात वारा फिरला. बोट दक्षिण धक्का सोडून उत्तर धक्क्यावरून सुटणार होती. ऐंशी घरांनी एकदम पान उघडले आणि मी गुदमरलो. चाळीस मिनिटे माझ्याकडून एक अक्षर बाहेर पडले नाही. आर्नफिनला आठवड्यातून तीनदा पलीकडच्या इस्पितळात रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. तो दक्षिण धक्क्यावर भिजत उभा राहिला आणि बोट निघून गेली. दुसऱ्या दिवशी बचाव पथकाने त्याला नेले, तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हते. तो वाचला. पण त्याची बायको यूरुन त्यानंतर पान उघडेना. ती धक्क्यावर फोन करून विचारू लागली.

जानेवारीत याच खोलीत सभा भरली. कॉफी होती, पण कोणी फारशी घेतली नाही.

"हे डबडं काढा," धक्क्याचा कारभारी ओड्वार म्हणाला. "पान पलीकडच्या कंपनीकडे देऊ. त्यांची यंत्रं मोठी आहेत."

"आणि समुद्राखालची तार तुटली की?" टोरबोर्गने विचारले. "गेल्या हिवाळ्यात तीनदा तुटली. ज्या दिवशी पान हवं, नेमकं त्याच दिवशी ते पलीकडे अडकेल. यंत्र इथेच हवं, बॅटरीवर दिवसभर तग धरणारं. हे धरतं. जड झालंय ते इंजिन. दुसरं एक आहे, हलकं. भाषा तीच, सूचना त्याच, फक्त वाचणारा वेगळा."

"कोणी केलंय ते?"

"सहा-सात जणांनी. वेगवेगळ्या देशांतले आहेत."

"सगळं जग एक वापरतं, आणि तुला सहा जणांचं हवंय. उद्या त्यांना कंटाळा आला तर?"

"तर पहिल्यावर परत येऊ. दोन्ही ठेवता येतात, ओड्वार. एकच ठेवलं तर परतायला जागा उरत नाही."

यूरुन कोपऱ्यात बसली होती. तिने हळूच विचारले, "तुझं इंजिन चुकतं का, टोरबोर्ग?"

"मला अजून चूक सापडलेली नाही. चुकणार नाही, असं मी म्हणत नाही."

सहा आठवडे परीक्षा घ्यायची ठरली. रोजचे काम जुन्या इंजिनाने करायचे आणि नव्या इंजिनाने काढलेली यादी टोरबोर्गने ताडून पाहायची. रोज सकाळी ती दोन्ही कागद शेजारी ठेवून, पट्टी सरकवत एकेक नाव वाची.

एकोणिसाव्या दिवशी पट्टी थांबली. जुन्या यादीत आर्नफिन बारावा होता. नव्या यादीत तेरावा. दोन माणसांची गरज सारखी असेल तर आधी कोण, हे सूचनेत लिहिलेलेच नव्हते. जुने इंजिन आधीची नोंद आधी ठेवी. नव्या इंजिनाने दोघांची अदलाबदल केली होती. त्या दिवशी मोठी बोट होती, त्यामुळे कोणाचे काही बिघडले नव्हते. कोणी पाहिलेही नव्हते.

गरज सारखी असेल तर आधीची नोंद आधी, अशी एक ओळ टोरबोर्गने सूचनेत वाढवली, आणि दुपारी सगळ्यांना बोलावून घडले ते सांगितले.

"म्हणजे चुकतं," ओड्वार म्हणाला.

"सूचना माझीच अपुरी होती. पण भाषा तीच आहे म्हणून मी तुम्हाला निर्धास्त केलं, तेही चुकलंच."

"सांगितलं नसतंस तर आम्हाला कळलंही नसतं."

"आर्नफिनला कळलं असतं," टोरबोर्ग म्हणाली.

परीक्षेच्या शेवटच्या आठवड्यात वादळ आले. समुद्राखालची तार तुटली, फोन बंद पडले, धक्क्यावरची वीज गेली आणि मी बॅटरीवर आलो. टोरबोर्ग बेटाच्या दुसऱ्या टोकाला बर्फात अडकली होती. छोटी बोट अकराला उत्तर धक्क्यावर येणार, असे रेडिओवर कळले. ओड्वारने वेळ आणि धक्का पानावर भरला. बेटावरच्या तारांवरून घरेच्या घरे माझ्याकडे धावली आणि मी पुन्हा गुदमरू लागलो.

ओड्वारने कपाट उघडले. इंजिन कसे बदलायचे, ते टोरबोर्गने चिठ्ठीवर लिहून दाराला आतून चिकटवले होते. त्याने ती दोनदा वाचली. त्याचे बोट कळीवर थांबले. साडेदहा झाले होते.

"बघू," तो स्वतःशीच म्हणाला आणि कळ दाबली.

माझा श्वास मोकळा झाला. एकामागून एक घरांना मी उत्तरे देऊ लागलो. पण ओड्वार तेवढ्यावर थांबला नाही. नर्सचा कागद घेऊन त्याने बाराही नावे बोटाने ताडून पाहिली. त्या दिवसाच्या नोंदींप्रमाणे आर्नफिन चौथा होता. मग तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. उत्तरेच्या वाटेवर कोणी दिसत नव्हते. अकराला दहा कमी असताना यूरुन आली. घसरगाडीवर आर्नफिनला बसवून ती मागून ढकलत होती.

"पान उघडलं," ती धापा टाकत म्हणाली.

मित्रांनो, पुढच्या सभेत दोन्ही इंजिने ठेवायचे ठरले. ओड्वार अजूनही नव्याला 'सहा जणांचं' म्हणतो. पण दर गुरुवारी तो पट्टी घेऊन येतो आणि यादी स्वतः ताडतो. माझ्यावर धूळ साचली आहे, एक पंखा कुरकुरतो. ते राहू द्या. माझ्यासारख्या यंत्राने लिहिलेल्या यादीत तुमच्या माणसाचे नाव असेल, तर तेवढे एकदा स्वतः वाचून पाहा.