हीटरच्या दोन वायरी

बंकटने वॉशिंग मशीनच्या मागचा शेवटचा स्क्रू काढला आणि पत्रा भिंतीला टेकवून ठेवला. मन्मथप्पा खुर्ची ओढून त्याच्या पाठीशीच बसले होते.

"मागच्या महिन्यात तूच खोललं व्हतंस. तवापासून पाणी तापंना."

"अप्पा, मी पंप बदलला. हीटरला हातबी न्हाई लावला."

"मग हीटर काय उडून गेला? चांगला काढून नेलास अन् जुना घुसवलास. केजमधी तुझं दुकान कसं चालतंय तेच बघतो आता."

बंकट टॉर्च दातात धरून वाकला. त्याचे कान लाल झाले होते.

दाराशी पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन उभ्या असलेल्या अप्पांच्या सुनेला, शिवांजलीला, ते लाल कान बघवेनात.

तीन आठवड्यांपूर्वी मशीनमधून कपडे काढताना तिच्या मनगटापासून खांद्यापर्यंत सणक गेली होती. नवऱ्याला, योगीराजला सांगितलं, तर मोबाइलवरची नजर न उचलता तो म्हणाला, "रबरी चप्पल घाल की." दोन दिवसांनी सासूबाईंचा, उमाबाईंचा, हात मशीनला लागला आणि त्या मागच्या मागे जमिनीवर बसल्या. "वय झालं, चक्कर येती," अप्पांनी निकाल दिला.

त्याच दुपारी घर निजल्यावर शिवांजलीने प्लग काढून पत्रा उतरवला. अंबाजोगाईला इलेक्ट्रिकल डिप्लोमाची दोन वर्षं झाली होती तिची. तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर लग्न झालं. हीटरच्या दोन्ही वायरी सोडवून, टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळून तिने सगळं होतं तसं बसवलं. मिस्त्री येईल, दोष सापडेल, हीटर बदलला जाईल, एवढंच तिच्या मनात होतं. मिस्त्रीलाच चोर ठरवतील, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

टॉर्चचा उजेड एका जागी थांबला.

"हीटर तुमचाच हाय अप्पा. मशीनसंगं आलेला नंबर हाय त्याच्यावर. पर वायरी काढल्यात."

"सापडलास का न्हाई? तूच काढल्यास बे!"

बंकटने पिशवीतून मल्टिमीटर काढून त्याची एक सुई हीटरच्या टोकाला लावली, दुसरी मशीनच्या पत्र्याला. मीटर बारीक आवाजात वाजत राहिला.

"हे वाजायला न्हाई पायजे. करंट पत्र्यात उतरतोय. वायरी जोडलेल्या असत्या, तर एखांदं माणूस गेलं असतं."

"कहाण्या नको सांगू. कुणी काढल्या ते बोल."

बंकटने टेपवरून अंगठा फिरवला. मान वर करून एकदा दाराकडे पाहिलं.

"मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला आणि पाने-पक्कड गोळा करू लागला.

शिवांजलीने बादली खाली ठेवली.

"मी काढल्या."

मन्मथप्पा खुर्चीतून अर्धवट उठले. "कुणाला इचारून?"

"झटका बसतो म्हणून सांगितलं व्हतं. मलाबी बसला, आत्याबाईंनाबी. कुणी ऐकलं न्हाई."

"अन् इतके दिवस गप बसलीस? चारचौघांत माझं तोंड काळं केलंस! लई शिकलीस का? आत जा. चहा ठेव."

ती जागची हलली नाही.

पिशवीची चेन लावता लावता बंकट थांबला. "वहिनी, घराला अर्थिंग हाय का?"

त्याने अप्पांना विचारलं नव्हतं.

"न्हाई. लाइटच्या मीटरच्या डब्यापाशी वायर तुटलीय. मी बघितलीय."

"मग हीटर बदलून भागायचं न्हाई. आधी ते बघू." त्याने मल्टिमीटरची एक सुई तिच्यापुढे धरली. "हे टोक धरा तुमी."

तिने ती घेतली.

"आत जा म्हणलो ना मी!"

पडवीतल्या बाजेवर सकाळपासून शेंगा फोडत बसलेल्या उमाबाई उठल्या. मांडीवरची टरफलं झटकून, कुणाकडेही न पाहता त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या.

"चहा मी ठेवते," त्या म्हणाल्या. "तिला काम हाय."